पडद्यावरील आकडा आणि नोंदीतील आकडा : पायथॉनमधील रकाने व त्यांना जोडलेली चले

कोणत्याही कार्यालयाच्या कारभाराची विश्वासार्हता अखेर एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते. टेबलासमोर उभ्या असलेल्या नागरिकाला जो आकडा सांगितला जातो, तोच आकडा नोंदवहीत असला पाहिजे. पावती एक सांगते आणि नोंद दुसरे सांगते, अशी स्थिती निर्माण झाली की प्रामाणिक कर्मचाऱ्यालाही खुलासा देणे कठीण होते. कागदी कारभारात पावतीपुस्तकाची स्थळप्रत आणि रोकडवही यांचा मेळ घालून ही एकवाक्यता राखली जाते. संगणक आल्यावर हा प्रश्नच उरला नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो प्रश्न नाहीसा झालेला नाही. तो पडद्याच्या आत गेला आहे. पडद्यावरील रकान्यात दिसणारा आकडा आणि आज्ञावलीच्या स्मृतीत असलेला आकडा या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यात मेळ राहावा म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याला जाणीवपूर्वक व्यवस्था करावी लागते.

पायथॉन या संगणकीय भाषेत ही व्यवस्था कशी केली जाते आणि तिच्यात कोणत्या उणिवा राहू शकतात, याचे विवेचन या लेखात केले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या अकरावी व बारावीच्या संगणकशास्त्र विषयात पायथॉनचा अंतर्भाव आहे. त्यामुळे शिक्षकांना हा विषय अध्यापनाच्या दृष्टीने उपयुक्त ठरेल. ज्यांना स्वतः आज्ञावली लिहावयाची नाही, परंतु दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली स्वीकारून तिच्यावर सही करावयाची आहे, अशा अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनीही तो समजून घेणे हिताचे आहे.

पार्श्वभूमी

पायथॉन ही भाषा नेदरलँड्समधील गीडो व्हॅन रॉसम यांनी निर्माण केली. ॲमस्टरडॅम येथील गणित व संगणकविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेत असताना १९८९ च्या अखेरीस त्यांनी हे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये भाषेची पहिली आवृत्ती इतरांसाठी खुली केली. त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत जॉन आउस्टरहाउट यांनी टीसीएल ही छोटी भाषा आणि तिच्या जोडीला टीके हा साधनसंच तयार केला. पडद्यावर चौकटी, बटणे, रकाने व याद्या उभ्या करणे हे टीकेचे कार्य होय. पुढे हा साधनसंच पायथॉनमधून वापरता यावा म्हणून जो दुवा तयार झाला, त्याला टीकेइंटर असे नाव पडले.

टीकेइंटर हा पायथॉनच्या प्रमाणित ग्रंथालयाचा भाग आहे. त्यासाठी निराळे शुल्क द्यावे लागत नाही आणि तयार झालेली आज्ञावली चालविण्यासाठी इंटरनेटची जोडणी असण्याचीही आवश्यकता नसते. लिनक्सच्या काही वितरणांत मात्र तो स्वतंत्रपणे बसवून घ्यावा लागतो. एकच संगणक असलेल्या शाळेत किंवा जेथे जोडणी वारंवार खंडित होते अशा ठिकाणी, छोट्या कामासाठी स्वतःची आज्ञावली लिहू पाहणाऱ्यांना हे साधन सोयीचे पडते.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. पायथॉनच्या आज्ञा व साधनांची नावे संगणकात रोमन लिपीतच लिहावी लागतात. प्रस्तुत लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.

एकाच माहितीच्या दोन प्रती

टीकेइंटरमध्ये एका ओळीचा मजकूर भरण्याच्या रकान्याला एंट्री म्हणतात. वापरणारा त्यात जे टंकलिखित करतो, ते प्रथम त्या रकान्याच्या स्वतःच्या ताब्यात राहते. आज्ञावलीला ती माहिती हवी असल्यास तिने रकान्याकडून ती मागून घ्यावी लागते. मागून घेतलेली माहिती आज्ञावली एखाद्या चलात ठेवते. त्या क्षणी एकाच माहितीच्या दोन प्रती अस्तित्वात येतात : एक रकान्यात आणि दुसरी चलात. त्यानंतर वापरणाऱ्याने रकान्यातील आकडा दुरुस्त केला, तर चलातील प्रत जुनीच राहते. उलट आज्ञावलीने चलातील किंमत बदलली, तर पडद्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही.

रकाने दोन-तीन असतील तोवर हा मेळ हाताने घालता येतो. ते वीस झाले, त्यांतील काही एकमेकांवर अवलंबून असले, आणि आज्ञावलीत वर्षभरानंतर दुसऱ्याच व्यक्तीने फेरफार केले, म्हणजे कोठेतरी एखादी प्रत अद्ययावत करावयाची राहून जाते. असा दोष पहिल्या दिवशी दिसत नाही. तो एखाद्या नागरिकाच्या पावतीत, बऱ्याच काळानंतर प्रकट होतो.

जोडलेले चल म्हणजे काय?

या अडचणीवर टीकेमध्ये जो उपाय योजला आहे, तो असा : माहितीची जागा एकच ठेवावी आणि पडद्यावरील रकान्याला त्या जागेशी बांधून टाकावे. टीकेइंटरमध्ये यासाठी चार प्रकारची विशेष चले उपलब्ध आहेत. मजकुरासाठी स्ट्रिंगव्हार, पूर्णांकासाठी इंटव्हार, दशांश संख्येसाठी डबलव्हार आणि होय-नाही अशा उत्तरासाठी बूलियनव्हार. रकाना तयार करताना टेक्स्टव्हेरिएबल या पर्यायात यांपैकी एखादे चल दिले की जोडणी पूर्ण होते.

ही जोडणी दुहेरी असते. वापरणाऱ्याने रकान्यात एखादे अक्षर भरले की चलातील किंमत तत्काळ बदलते. आज्ञावलीने सेट या पद्धतीने चलात नवी किंमत ठेवली की रकान्यातील मजकूर आपोआप बदलतो. चलात काय आहे हे पाहण्यासाठी गेट ही पद्धती वापरावी लागते. एकच चल दोन ठिकाणी, उदाहरणार्थ एका रकान्याला आणि एका लेबलला, जोडता येते. तसे केल्यास दोन्ही ठिकाणी सदैव एकच मजकूर दिसतो.

अशी खास चले का लागतात, पायथॉनचे साधे चल का चालत नाही, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. साधे चल हे केवळ एक नाव असते. त्या नावाला दुसरी किंमत दिली, तर ती घटना कोणालाही कळविली जात नाही. स्ट्रिंगव्हारच्या मागे मात्र टीसीएल भाषेतील एक खरे चल असते आणि त्यावर पाळत ठेवण्याची सोय त्या भाषेतच अंगभूत आहे. किंमत बदलली की टीकेला सूचना मिळते व तो रकाना पुन्हा रंगवितो. आज्ञावलीलाही अशी सूचना हवी असल्यास ट्रेस-अ‍ॅड ही पद्धती वापरून तशी नोंद करता येते. मूळ माहिती आणि तिचे पडद्यावरील दर्शन वेगळे ठेवून त्यांच्यात सूचनेचा दुवा राखावा, हा विचार संगणकशास्त्रात जुना आहे. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकाउग यांनी अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७९ मध्ये त्याची रीतसर मांडणी केली होती.

एक उदाहरण : कराची पावती

ग्रामपंचायतीच्या कर मागणी नोंदवहीचे, म्हणजेच नमुना ९ चे, स्वरूप सदस्यांच्या परिचयाचे आहे. त्याच धर्तीवर अध्यापनासाठी एक छोटी चौकट कल्पावी. तिच्यात तीन रकाने आहेत : मागील थकबाकी, चालू मागणी आणि भरणा. त्याखाली शिल्लक दाखविणारा चौथा रकाना आहे. तो केवळ वाचण्यापुरता, म्हणजे वापरणाऱ्याला हात लावता येणार नाही असा ठेवला आहे. अशा रकान्यात टंकलेखन करता येत नसले, तरी त्याला जोडलेल्या चलात आज्ञावलीने किंमत ठेवली की ती त्यात दिसते. हिशेबाने येणारा आकडा कोणी हाताने भरू नये, यासाठी ही सोय उपयुक्त आहे.

आज्ञावलीचा क्रम पुढीलप्रमाणे राहील. प्रथम मुख्य चौकट तयार करावी. त्यानंतर चार रकान्यांसाठी चार स्ट्रिंगव्हार तयार करावीत. प्रत्येक रकाना तयार करताना त्याला त्याचे चल जोडावे. मग शिल्लक काढणारे कार्य लिहावे आणि पहिल्या तीन चलांवर ट्रेस-अ‍ॅडने नोंद करून, किंमत लिहिली जाताच हे कार्य चालवावे, असे सांगावे. शेवटी जतन करण्याचे बटण ठेवून चौकट चालू करावी.

समजा, थकबाकी ४५० रुपये आणि चालू मागणी ६०० रुपये आहे. एकूण मागणी १,०५० रुपये होते. भरणा म्हणून ७०० रुपये आले. कर्मचारी रकान्यात आकडे टंकलिखित करू लागतो. ७ हा अंक पडताच शिल्लक १,०४३ दिसते, त्यापुढे शून्य पडताच ९८० आणि दुसरे शून्य पडल्यावर ३५०. प्रत्येक कळ दाबताच कार्य चालते, हे यावरून विद्यार्थ्यांच्या सहज लक्षात येते. आणखी एक बोध असा की, मधल्या अवस्थेतील आकडे खरे नसतात. म्हणून सूचनेच्या कार्यातून केवळ पडद्यावरील दर्शन बदलावे. कायम नोंद मात्र जतनाचे बटण दाबल्यावरच व्हावी.

रिकामा रकाना आणि शिळा आकडा

आता वरील उदाहरणात कर्मचाऱ्याने भरण्याचा आकडा चुकला म्हणून तो एकेक अंक पुसत नेला, असे समजू. शेवटचा ७ उरला असता शिल्लक १,०४३ दिसते. तोही पुसला की रकाना रिकामा होतो. रिकाम्या मजकुराची संख्या करता येत नाही, म्हणून कार्यात दोष उद्भवतो व ते अर्ध्यावर थांबते. परंतु चौकट बंद पडत नाही. टीकेइंटर त्या दोषाचा तपशील मागील काळ्या पडद्यावर छापतो आणि पुढे चालू राहतो. तो काळा पडदा लपविलेला असेल, तर कोणालाही काही कळत नाही. भरण्याचा रकाना कोरा आणि शिल्लक मात्र १,०४३, असा शिळा आकडा पडद्यावर तसाच राहतो. वास्तविक त्या वेळी शिल्लक १,०५० असावयास हवी.

दोष सात रुपयांचा आहे. परंतु तो ज्या प्रकारे घडतो, तो प्रकार गंभीर आहे. आज्ञावली चुकली आणि तिने चूक कबूल केली नाही. यावर उपाय सोपा आहे. कार्यात मजकुराची संख्या करताना दोष येऊ शकतो हे गृहीत धरून, ट्राय व एक्सेप्ट या रचनेने तो पकडावा आणि तसा प्रसंग आल्यास शिल्लकेचा रकाना कोरा करावा. आकडा सांगता येत नसेल तर तो दाखवू नये. जुना आकडा दाखविणे हे न दाखविण्यापेक्षा वाईट होय. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हेही येथे ध्यानात घ्यावे. भरणा शून्य असणे आणि भरण्याची नोंदच न होणे, या हिशेबाच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत.

देवनागरी अंक व आरंभीचे शून्य

आकड्यांच्या रकान्यासाठी इंटव्हार हे नावाप्रमाणे योग्य चल वाटते. तरीही वरील उदाहरणात स्ट्रिंगव्हार सुचविले आहे. त्यामागे तीन कारणे असून मराठीत काम करणाऱ्यांना ती विशेष लागू पडतात.

पहिले कारण रिकाम्या रकान्याचे. इंटव्हारला जोडलेला रकाना रिकामा असताना त्याची किंमत मागितली की लगेच दोष उद्भवतो. स्ट्रिंगव्हार मात्र कोरा मजकूर निमूटपणे देते आणि पुढे काय करावयाचे हे आज्ञावलीवर सोपविते.

दुसरे कारण अंकांच्या लिपीचे. मराठी कळफलकावरून भरलेला ७०० हा आकडा देवनागरी अंकांत असतो. पायथॉनचे इंट हे कार्य देवनागरी अंक ओळखते आणि त्यांची बिनचूक संख्या करते. हिशेबासाठी असलेले डेसिमल हे साधनही ते स्वीकारते. परंतु इंटव्हार हे मजकुराची संख्या करण्याचे काम टीसीएलकडे सोपविते आणि टीसीएलला देवनागरी अंक संख्या म्हणून उमगत नाहीत. परिणामी तोच आकडा एका मार्गाने स्वीकारला जातो व दुसऱ्या मार्गाने नाकारला जातो. स्ट्रिंगव्हारमधून मजकूर घेऊन त्याची संख्या पायथॉनकडून करून घेतल्यास ही अडचण राहत नाही. १,०५० असा स्वल्पविराम घातलेला आकडा मात्र इंटलाही चालत नाही. तो स्वल्पविराम आधी काढून टाकावा लागतो. तसेच हिशेबानंतर पायथॉन जो आकडा मजकूररूपाने देते, तो आंतरराष्ट्रीय अंकांत असतो. देवनागरीत दाखवावयाचा असल्यास अंकांचे रूपांतर स्वतंत्रपणे करावे लागते.

तिसरे कारण सर्वांत सावध राहावे असे आहे. टीसीएलच्या आठव्या मालिकेतील आवृत्त्यांत शून्याने सुरू होणारी पूर्णांक संख्या अष्टमान पद्धतीची समजली जाते. त्या पद्धतीत ०१२ याचा अर्थ बारा नसून दहा होतो. म्हणून इंटव्हारला जोडलेल्या रकान्यात कोणी आंतरराष्ट्रीय अंकांत घर क्रमांक ०१२ असा भरला, तर आज्ञावलीच्या हाती १० हा आकडा पडू शकतो. पडद्यावर ०१२, नोंदीत १०, आणि कोठेही दोषाची सूचना नाही. एकाच्या घराचा कर दुसऱ्याच्या नावे जमा होण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे. घर क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, पिनकोड यांची बेरीज कधी करावयाची नसते. ते अंकांनी लिहिलेले असले तरी हिशेबाच्या दृष्टीने मजकूरच होत आणि ते मजकूर म्हणूनच साठवावेत.

रुपये-पैशांसाठी डबलव्हार वापरण्याचा मोहही टाळावा. संगणक दशांश संख्या द्विमान पद्धतीत ठेवतो आणि त्या पद्धतीत दहा पैशांसारखी साधी रक्कमही तंतोतंत बसत नाही. रक्कम पैशांत रूपांतरित करून पूर्णांक ठेवणे किंवा डेसिमल वापरणे हे दोन्ही मार्ग सुरक्षित आहेत.

नेहमी होणाऱ्या चुका

वर्गात किंवा कार्यालयात प्रथमच अशी आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या काही चुका ठरावीक असतात. त्या पुढे दिल्या आहेत.

(१) चलाला सेट न वापरता बरोबरच्या चिन्हाने नवी किंमत देणे. असे केल्याने जोडलेले चल बदलत नाही. त्याचे नाव तेवढे दुसऱ्याच वस्तूला दिले जाते आणि रकान्याशी असलेला आज्ञावलीचा संबंध तुटतो.

(२) चल एखाद्या कार्याच्या आत तयार करून तेथेच सोडून देणे. कार्य संपले की पायथॉन ती वस्तू नष्ट करतो. मग रकान्यातील माहिती वाचण्याचा दुवा उरत नाही, आणि त्या चलाला जोडलेले लेबल कोरे पडू शकते. चौकटीचे आयुष्य जेवढे, तेवढेच चलाचेही असावे. त्यासाठी ते चौकटीच्या वर्गात सांभाळून ठेवावे.

(३) मुख्य चौकट तयार होण्यापूर्वीच चल तयार करणे, किंवा एकाच आज्ञावलीत दोन मुख्य चौकटी उभारणे. प्रत्येक मुख्य चौकटीचा कारभार स्वतंत्र असतो आणि एकीचे चल दुसरीच्या रकान्याला जोडले जात नाही. दुसरी चौकट हवी असल्यास टॉपलेव्हल हे साधन वापरावे.

(४) ट्रेस-अ‍ॅडला कार्याचे नाव देण्याऐवजी कंस लावून ते कार्य तेथेच चालविणे. त्याचप्रमाणे, सूचना देताना टीकेइंटर त्या कार्याला तीन बाबी पुरवितो हे विसरणे. त्या वापरावयाच्या नसल्या तरी स्वीकाराव्या लागतात.

(५) जुन्या पुस्तकांतील आज्ञा जशाच्या तशा उतरविणे. ट्रेस-अ‍ॅड ही पद्धती २०१६ साली आलेल्या ३.६ या आवृत्तीपासून मिळते. त्यापूर्वीची पद्धती निराळी होती. २००८ पूर्वीच्या पुस्तकांत टीकेइंटरच्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत आढळते. आता ते लहान लिपीत लिहावे लागते.

(६) अनेक ओळींच्या टेक्स्ट या साधनाला चल जोडण्याचा प्रयत्न करणे. त्याला टेक्स्टव्हेरिएबल हा पर्यायच नाही. शेरा किंवा पत्ता यांसारखा लांब मजकूर त्या साधनाकडून वेगळा मागून घ्यावा लागतो.

जोडणी आणि पडताळणी

येथवरच्या विवेचनावरून एक मर्यादा स्पष्ट होते. चल रकान्याला जोडल्याने दोन्ही ठिकाणी एकच मजकूर राहील, एवढीच हमी मिळते. तो मजकूर खरा आहे, अशी हमी मिळत नाही. चुकीचा आकडा भरला तर तोच चुकीचा आकडा दोन्हीकडे अचूकपणे दिसेल. म्हणून जतनाचे बटण दाबले जाताच आज्ञावलीने सर्व चले पुन्हा वाचावीत, रिकामे रकाने शोधावेत, आकड्यांची संख्या होते की नाही ते पाहावे, भरणा मागणीपेक्षा अधिक असल्यास विचारणा करावी आणि त्यानंतरच नोंद लिहावी. नोंद लिहिल्यावर ती साठ्यातून परत वाचून पडद्यावर दाखविली, तर समोरच्या नागरिकालाही ती पाहता येते.

ज्यांना आज्ञावली लिहावयाची नाही, त्यांनाही तिची परीक्षा घेता येते. आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी तिच्यासमोर बसून एक रकाना पूर्ण पुसून पाहावा, देवनागरी अंकांत एक रक्कम भरावी, एक क्रमांक शून्याने सुरू करावा, एक रक्कम स्वल्पविरामासह भरावी, आणि प्रत्येक वेळी पडद्यावरील आकडा व जतन झालेली नोंद ताडून पाहावी. या चार चाचण्यांना पाच मिनिटे लागतात आणि त्यांसाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. स्थळप्रत आणि रोकडवही ताडून पाहणाऱ्या कारकुनाची जी दृष्टी, तीच येथे पुरेशी आहे. पावती हाती घेऊन घरी जाणाऱ्या नागरिकाने त्या कागदावर विश्वास ठेवलेला असतो. त्या विश्वासाला पात्र ठरेल अशी नोंद करणे, ही यंत्र चालविणाऱ्या माणसांची जबाबदारी आहे.